बंदरात अडकलेला गौरांग

विमल देवपुजारी भोपाळच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. परराष्ट्र धोरण हा त्यांचा हातखंडा विषय. बोलणी, मदत, व्यापारबंदी आणि अगदीच नाइलाज झाला तर सैन्य, अशा साधनांनी देश आपलं हित राखतो, हे त्या इतकं सोपं करून सांगायच्या की मागच्या बाकावरची मुलंही ऐकत राहायची.

त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा गौरांग ज्या मालवाहू जहाजावर इंजिनियर होता, ते परक्या बंदरात धरलं गेलं. त्या देशावर बड्या राष्ट्रांनी निर्बंध लादले होते आणि जहाज त्यांच्यातल्याच एकाच्या मालकीचं होतं, त्याचा हा सूड. खलाशांचा काहीच गुन्हा नव्हता.

भोपाळमधल्या बरखेड्याच्या घरात त्यांचे यजमान विश्वनाथराव टीव्हीसमोरून हलेनात. "आपलं सरकार दम का देत नाही त्यांना?"

"अहो, तेल त्यांच्याकडूनच घेतो आपण," विमलताई म्हणायच्या, आणि स्वतःच्याच शहाणपणाचा त्यांना राग यायचा.

त्यांची जुनी विद्यार्थिनी मानसी दिल्लीत परराष्ट्र खात्यात होती. ती फोन करी. "मॅडम, बोलणी चालू आहेत. गाजावाजा झाला तर ते अडून बसतील."

विमलताईंना ते पटायचं. पटायचं म्हणूनच ओरडताही येत नव्हतं.

पावसाळ्यात गौरांगला कावीळ झाली. बंदरात औषधांचाही तुटवडा होता. आपल्या वकिलातीनं त्याला दवाखान्यात हलवायची परवानगी मिळवली, पण तोवर फार उशीर झाला होता. गौरांग गेला. पुढे समझोता होऊन बाकीचे सुटले. पेपरांत मुत्सद्देगिरीचं कौतुक छापून आलं.

शवपेटीबरोबर मानसी आली. भदभद्याच्या स्मशानघाटावरून परतल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात बसून रडली. "मॅडम, मी कमी पडले."

"नाही गं." विमलताईंनी तिला जवळ घेतलं. "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

"वकिलातीतला एक मल्याळी अधिकारी. गौरांग मराठीत काहीतरी सांगत होता म्हणे."

विमलताईंनी तिला त्या अधिकाऱ्याला फोन लावायला सांगितलं. पलीकडचा आवाज तरुण होता, अवघडलेला. "मैडम, वो बार-बार 'घरी, घरी' बोल रहे थे. मैं 'घड़ी' समझा. हर बार टाइम बताता रहा."

विमलताईंनी भिंतीला हात टेकला. त्याला खरा अर्थ सांगावा असं ओठांवर आलं होतं.

"ठीक किया, बेटा," त्या म्हणाल्या आणि फोन मानसीकडे दिला.