जिची गाठ तिची गोळी

चौसाळ्याच्या सटवाची पोर मनिषा मेंढरांमागे फिरता फिरता शिकली, पुण्याला जाऊन डॉक्टरेट घेऊन आली आणि कंपनी काढली ती बीडमध्ये, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. लोकांनी तोंडात बोटं घातली. "कंपनीच काढायची तर पुण्यात काढावी, इथं कावून?" असं विचारणाऱ्याला तिचं उत्तर ठरलेलं, "पेशंट इथं हायत म्हणून." पोरगी बापासारखीच हट्टी. एकदा मनावर घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, स्वतःच्याही.

कंपनीचं काम सांगायला सोपं. कॅन्सरच्या गाठीचा तुकडा घ्यायचा, त्यातली जनुकं वाचायची आणि नेमकं त्याच गाठीवर चालेल असं औषध डॉक्टरांना सुचवायचं. दोन बायकांच्या छातीत गाठ निघाली तरी दोन्ही गाठी सारख्या नसतात, हे डॉक्टरांना आणि बँकवाल्यांना सांगून सांगून मनिषाचा घसा बसला होता.

पहिली पेशंट मिळाली साखराबाई, केजजवळच्या खेड्यातली, दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. मनिषाच्या रिपोर्टवरून सुरू केलेली गोळी अशी लागू पडली की दोन महिन्यांत गाठ निम्म्यावर आली. पण पुढच्या तपासणीत ती पुन्हा वाढलेली दिसली आणि पेशंट पाठवणारे डॉक्टर वैतागले.

"तुमचा रिपोर्टच चुकलाय. मी ही गोळी बंद करणार, आणि यापुढे तुमच्याकडे कुणाला पाठवणार नाही."

कंपनी बुडाली तर ती पुन्हा उभी करता आली असती. साखराबाई गेली तर? मनिषाने तुकडा पुन्हा तपासला. तेच उत्तर आलं. "रिपोर्ट बरोबर आहे, मला थोडे दिवस द्या," असं डॉक्टरांना बजावून ती केजच्या जीपमध्ये अंग चोरून बसली आणि थेट साखराबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, गोळी रोज घेता ना?"

"घेते की. रोज अर्धी."

"अर्धी कावून?"

"अर्धी बायनाला."

शेजारची बायनाबाई ओट्यावरच बसली होती. तिचंही छातीचं ऑपरेशन झालेलं. दोघींनी उभा जन्म एकाच टोळीत ऊस तोडला, एकीच्या फडक्यातली भाकरी दुसरीने खाल्ली. "मला गुण आला, मंग हिला नगं व्हय? आजार तर एकच हाय," साखराबाई म्हणाली. मनिषाला लई राग आला, पण काढावा कुणावर? साऱ्या बीडला तिने समजावलं होतं, या दोघींना मात्र कुणी काही सांगितलंच नव्हतं.

ती ओरडली नाही. बायनाबाईच्या गाठीचा तुकडा दवाखान्यात जपून ठेवलेला होता. तो मागवून तिने स्वतः तपासला. ही गोळी बायनाबाईच्या कामाचीच नव्हती. तिच्या गाठीला वेगळं औषध लागत होतं. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले, बायनाबाईला नवं औषध लिहून दिलं आणि साखराबाईची गोळी आणखी एक महिना चालू ठेवली.

औषधं घेऊन मनिषा पुन्हा गावात गेली आणि दोघींना समोर बसवून दोन गाठींतला फरक समजावून सांगितला. सगळं ऐकून साखराबाईने विचारलं, "मंग माझ्या गोळ्यांनी हिला काईच फायदा झाला न्हाई?"

खोटं बोलून तिचं मन राखता आलं असतं.

"न्हाई मावशी. अर्धी तिला लागली न्हाई, अन् अर्धी तुमाला पुरली न्हाई."

साखराबाई पदरात तोंड घालून रडायला लागली. बायनाबाई उठली. पाण्याचा तांब्या आणून तिने साखराबाईच्या तळहातावर गोळी ठेवली, "घे, सगळी घे" म्हणाली, आणि ती गिळेपर्यंत समोरून हलली नाही.