चांदीचे दोन नंबर

जुळणीवाल्या मॅडमसोबत घासाघीस चालत नसे. बैलबाजारात भल्याभल्यांना घाम फोडणारा मी, पण भंडाऱ्यातल्या त्यांच्या टेबलापुढे हरलो. तो राग अजून आहे.

जनावरांच्या सर्वेक्षणात त्यांचं काम एकच. लसीकरणाच्या यादीतली आणि दूध संकलनाच्या यादीतली म्हैस एकच आहे का, हे संगणकावर प्रोग्राम लिहून शोधायचं आणि दोन्हीकडे एक नंबर द्यायचा. लसीच्या यादीत मालक नवरा, दुधाच्या यादीत बायको. नावं जुळायचीच नाहीत. मग त्या गाव, घर आणि व्यायल्याची तारीख धरायच्या. न जुळणाऱ्या म्हशीला ‘पोरकी’ म्हणायच्या. पोरक्यांची यादी घेऊन, फुटाणे खात, स्कूटीवर गावोगाव फिरायच्या. ‘‘शंका असली की नवा नंबर,’’ हे त्यांचं ठरलेलं.

माझी म्हैस चांदी अशीच पोरकी झाली. कानातला बिल्ला तारेत अडकून तुटला, लसवाल्याने नवा ठोकला, जुना नंबर कुणी लिहिला नाही. तीन वेतांच्या दुधाची नोंद जुन्या नंबरावरच राहिली. तुमसरचा गोठेवाला ती नोंद दिसली तरच म्हैस घेणार होता.

‘‘मॅडम, म्हैस माही, बायको माही, कायले अडवून राहिल्या?’’

‘‘भाऊ, दुधाच्या यादीत ती तान्ह्या पोळ्याले व्यायली, लसीच्या यादीत दिवाळीले. दोनदा व्यायली का?’’

‘‘मधात धरा न. दसरा लिहा.’’

त्या इतक्या हसल्या की फुटाणे सांडले.

दिवाळी मीच सांगितली होती. लस टोचताना अंगणात गिऱ्हाईक उभं होतं, आणि ताजी व्यायलेली म्हटलं की भाव चढतो. हे कबूल करायला मला तीन चकरा लागल्या. त्यांनी लगेच दोन्ही नंबर जोडले, आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं : ‘मालकाने आधी चुकीची तारीख सांगितली.’

‘‘हे काहून?’’ मी भडकलो.

‘‘कशावरून जोडलं ते लिहाच लागते, भाऊ. उद्या माह्या जागी दुसरं कोणी बसलं तर त्याले कसं समजंन?’’

गोठेवाल्याने ती टीप वाचली. चांदी नेली, पण माझ्या दुसऱ्या म्हशीची तारीख त्याने मला विचारलीच नाही. त्याने थेट मॅडमना फोन लावला.

मॅडम आता नागपूरला गेल्या. परवा ती दुसरी म्हैस व्यायली, तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आत मीच त्यांना फोन केला. हे त्यांचं काम राहिलेलं नाही, तरी तारीख सांगितली.

‘‘आजचीच न, भाऊ?’’

‘‘आजचीच.’’

‘‘लिहून घेतली.’’