सहा-पाच की छप्पन्न

काडतुसांवर बोलणाऱ्या माणसाइतका कंटाळवाणा प्राणी देवानं दुसरा घडवला नसेल, आणि घडवले त्यातले निम्मे त्यानं जर्मनीतल्या श्वाबेनमध्ये आणून सोडले आहेत. मी तिथे बारा वर्षं काढली. दिवसा श्टुटगार्टजवळ डिझेल पंपांच्या सुयांवर काम करायचं आणि शनिवार-रविवार सासुरवाडीत जाऊन काडतुसं ऐकायची. ऐकायची म्हणजे ऐकायचीच. कॉफीबरोबर काडतुसं, केकबरोबर काडतुसं. एका बारशात चर्चच्या बाकावर माझ्या पुढे बसलेल्या गृहस्थानं वळून मला विचारलं होतं, की पावसात भिजलेल्या मक्यातून जड गोळी सरळ जाते की हलकी. पाळण्यातलं मूलसुद्धा आता यावर काही बोलेल अशी मला भीती वाटली.

यात मी सापडलो तो माझ्याच तोंडामुळे. लग्नाआधी बायकोच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा भिंतीवर शिंगंच शिंगं. हरणांची एवढाली शिंगं, की आपण जेवतोय आणि वरून कुणीतरी काटे-चमचे रोखून धरलेत असं वाटावं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, आमच्या आजोबांनी जुन्नरकडे छत्रीनं बिबट्या मारला होता. आजोबा पोस्टात होते आणि त्यांनी आयुष्यात फक्त तिकिटांवर शिक्के मारले. पण माझे होणारे सासरे सुरी खाली ठेवून म्हणाले, "छत्रीनं. बरं." ते जन्मात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे समोरचा बोलू शकतो हे त्यांना सुचतच नसे.

सासरे म्हणजे निवृत्त टूलमेकर. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर आयुष्य घालवलेला माणूस. मी त्यांना जर्मनमध्ये 'डू', म्हणजे 'तू' म्हणायचो, सगळे म्हणतात म्हणून. पण मनातल्या मनात प्रत्येक वाक्याआधी एक 'अहो' लावून घ्यायचो, त्याशिवाय जीभ वळत नसे. गावाबाहेरचं जंगल आणि शेतं मिळून जो शिकारीचा टापू होता, त्याला तिथे रेव्हीर म्हणतात, तो त्यांच्याकडे सत्तावीस वर्षं पट्ट्यानं होता. पट्टा देणार गावातले जमीनमालक, मत देऊन. आणि आता मुदत संपायला चारच वर्षं उरली होती. सासरे चौऱ्याहत्तरचे झाले होते, म्हणून शेतकऱ्यांनी स्पष्ट सांगितलं: बरोबर एक तरुण भागीदार आणा, नाहीतर रेव्हीर श्टुटगार्टच्या डेंटिस्टला देऊ. भागीदाराकडे शिकारीचा परवाना असावा लागतो, तोही तीन वर्षं जुना. सासऱ्यांना मुलगा नव्हता. मुलीला रक्ताची घेरी यायची. उरला कोण, तर छत्रीवाल्या आजोबांचा नातू.

म्हणून मी ती परीक्षा दिली. तिला लोक 'हिरवी बारावी' म्हणतात, आणि शपथेवर सांगतो, आपल्या बारावीची मला त्या दिवसांत आठवण यायची. त्यांच्या शिकारी भाषेत जनावराच्या कानाला कान म्हणायचं नाही, डोळ्याला डोळा नाही, आणि रक्ताला म्हणायचं घाम. जखमी रानडुकराच्या मागे जो कुत्रा सोडतात तो घामाचा कुत्रा. पोट फाडून आतडी हातानं बाहेर काढायची, कोपरापर्यंत माखायचं, आणि वर म्हणायचं 'घाम फार आला'. मी उन्हाळ्यात भोसरीच्या फाउंड्रीत काम केलेला माणूस. घाम कशाला म्हणतात ते मला माहीत होतं.

असो. परवाना मिळाला, तीन वर्षं होत आली, आणि सासऱ्यांनी कपाट उघडलं. वडिलांच्या, काकांच्या, मेलेल्या मित्रांच्या अशा मिळून नऊ बंदुका आणि चौदा जातींची काडतुसं. मी चाळीस सांगतो नेहमी, पण चौदाच होती.

"एवढं कुणाला लागत नाही," ते म्हणाले. "निवड. कोल्ह्यापासून मोठ्या डुकरापर्यंत सगळं भागेल एवढीच ठेव. बाकीची मी काढून टाकतो."

"तुम्ही किती ठेवाल?"

"एक. आठ मिलिमीटर. वडिलांनी तीच वापरली, मीही."

"कोल्ह्यालासुद्धा आठ? मग कातडं काय शिवत बसायचं?"

"कोल्ह्याचं कातडं आता कोण घेतो," ते म्हणाले. "आणि नेम बरोबर असेल तर भोक एवढंसंच पडतं."

पण मी इंजिनियर. मी एक्सेल उघडलं. शंभर मीटरवरची ऊर्जा, गोळीचं वजन, वाऱ्यानं किती सरकते, खांद्याला किती धक्का, कायदा काय म्हणतो. रविवारी सासऱ्यांचे दोस्त जमले की त्या तक्त्यावर जो गदारोळ व्हायचा त्याची आठवण झाली तरी मला ढेकर येतो. एकजण म्हणायचा नऊ-तीनशिवाय, म्हणजे नऊ पॉइंट तीन मिलिमीटरच्या गोळीशिवाय, डुक्कर पडतच नाही, त्याच्या साडूनं एकदा नऊ-तीननं डुक्कर पाडलं तर त्यामागचं झाडही पडलं. दुसरा म्हणायचा झाड कुजलेलं होतं. तिसरा कुणी मेलेल्या सशाचे फोटो खिशातून काढायचा, बायका-मुलांचे काढावेत तसे, आणि केकच्या बशीत ठेवायचा. डेंटिस्टही यायचा अधूनमधून, हेरायला. त्याच्याकडे अमेरिकन मॅग्नम होती आणि दात इतके पांढरे, की मचाणावर बसून तो हसला असता तर जनावरं आपणहून पळाली असती. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही लोक काडतुसांबद्दल जेवढं बोललात तेवढं आपण लग्न करावं की नाही यावर बोललो नव्हतो."

शेवटी माझ्या तक्त्यानं तीन निवडली. कोल्ह्याला आणि रे नावाच्या भेकराएवढ्या हरणाला पाच-सहा, म्हणजे पाच पॉइंट सहा मिलिमीटर. मोठ्या हरणाला आणि डुकराच्या पिल्लांना सहा-पाच. मोठ्या डुकराला नऊ-तीन. आठ निघाली नाही. सासऱ्यांनी कागद लांब धरून वाचला, परत वाचला.

"पाच-सहा आणि सहा-पाच," ते म्हणाले. "दोन्ही शेजारी शेजारी ठेवणार तू?"

"आकड्यांत माझी चूक होत नाही," मी म्हणालो.

आणि ते खरंच होतं. जर्मन लोक आकडे उलटे बोलतात म्हणून आमच्या ऑफिसातले तमिळ आणि अमेरिकन रडायचे. छप्पन्न म्हणायला जर्मन म्हणतो सहा-आणि-पन्नास. मला त्यात काय अवघड? आपलं छप्पन्न तेच तर आहे, सहा आधी, पन्नास मागून. मराठी माणूस जर्मन आकडा ऐकतो आणि त्याचा हात आपोआप बरोबर लिहितो. मी यावर कॅन्टीनमध्ये भाषणं दिली आहेत.

ऑक्टोबरात, पट्ट्यावर मत द्यायच्या सभेच्या आठ दिवस आधी, दुपारी दोनला सासऱ्यांचा फोन आला. मी टेस्ट बेंचजवळ, मागे पंपाचा आवाज. ते म्हणाले, लगेच नीघ, गावातल्या डेअरीवाल्याच्या शेताकडे ये, आणि झेक्स-फ्युन्फ घेऊन ये. पुढचं पंपानं खाल्लं. झेक्स, फ्युन्फ. सहा, पाच. माझ्या मराठी कानानं त्याला शेपूट जोडलं, सहा-आणि-पन्नास, छप्पन्न, आणि हातानं पावतीच्या मागे लिहिलं: ५६. घरी गेलो, निवडलेल्या तिन्ही बंदुका आता माझ्याकडे होत्या, ते कपाट उघडलं, बंदुकीवर कोरलेला आकडा पावतीशी ताडून पाहिला. ५.६. डबीवरचा ताडून पाहिला. ५.६. दोनदा खात्री केली, फक्त स्वतःच्याच चुकीशी. म्हटलं, कोल्ह्याची बंदूक मागितली म्हणजे डेअरीवाल्याच्या कोंबड्या गेल्या.

कोल्हा नव्हता. डेअरीवाला मका कापत होता. मशीन एका बाजूनं आत शिरतं, मका आकसत जातो, आणि आत लपलेली डुकरं शेवटी बाहेर फुटतात. सासरे शेताच्या पलीकडच्या अंगाला उभे होते. त्यांनी लांबून हात केला, माझी बंदूक त्यांना काय दिसणार. मी अलीकडे बांधावर.

आता इथे एक वाक्य लिहून टाकतो, कारण ही गोष्ट तोंडी सांगताना मी ते नेहमी गाळतो. डुक्कर बाहेर आलं तेव्हा माझ्या हातात पाच-सहा आहे हे मला माहीत होतं. डुकरावर पाच-सहा झाडायला कायद्यानं बंदी आहे हे माहीत होतं. तो माझ्याच तक्त्यातला लाल चौकोन होता. आणि तरी मी झाडली. सत्तावीस वर्षांच्या रेव्हीरसाठी वगैरे नाही. ते मोठं होतं आणि जवळ होतं, एवढंच. लोकांना मी सांगतो की ते रेड्याएवढं होतं. ते वर्षाचं पिल्लू होतं, सोफ्यावर मावेल एवढं.

पडलं नाही. वाकलं, किंचाळलं आणि डेअरीवाल्याच्या अंगणातून गेलं, वाळत घातलेल्या चादरींमधून, पोटातलं काहीबाही मागे ओढत. एक चादर बरोबर घेऊन गेलं. डेअरीवाल्याची बायको दारात उभी होती. तिनं तोंडावर ॲप्रन धरलं.

सकाळी निवृत्त पोस्टमन त्याचा घामाचा कुत्रा घेऊन आला. ओढ्यात, गाई पाणी पितात तिथे, डुक्कर सापडलं, तोपर्यंत जिवंत. पोस्टमननं सुरीनं संपवलं. मग सासऱ्यांनी त्याला उघडलं, आणि जो वास आला त्याबद्दल मला अतिशयोक्ती करावी लागत नाही. आतडी फुटून रात्रभर आतल्या आत शिजलेली. हिरवं, काळं. सगळं मांस टाकून द्यायचं. मी तीन पावलं मागे सरलो, तर सासरे न वळता म्हणाले, "इथे ये. हात घाल. तुझं आहे." मी हात घातला. गरम होतं अजून. साबण, लिंबू, ऑफिसातलं मशीन धुवायचं द्रावण, सगळं लावून झालं. मला आठवडाभर जेवताना उजवा हात नाकापासून लांब ठेवावा लागला.

पोस्टमननं कातडीवरचं भोक बोटानं चाचपलं. "कुणी सुईनं मारलंय हे?" तो म्हणाला. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पावती दाखवली. त्यांनी ती वाचली, घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

सभा गास्टहाउसच्या, म्हणजे गावच्या खाणावळीच्या, मागच्या खोलीत. एकोणतीस शेतकरी, बिअर, आणि शिरस्त्याप्रमाणे पट्टेदारानं दिलेलं हरणाचं जेवण. खरं बाहेर आलं तर माझा परवाना जातो, परवाना गेला की भागीदार जातो, आणि भागीदार गेला की रेव्हीर. हे सासऱ्यांना माहीत होतं, पोस्टमनला माहीत होतं, मला तर होतंच. डेंटिस्ट कोपऱ्यात पाणी पीत बसला होता. त्यानं सगळ्यांच्या मक्याला स्वखर्चानं विजेचं कुंपण घालायचं कबूल केलं होतं.

डेअरीवाला उठला. "ते डुक्कर माझ्या बायकोच्या चादरी घेऊन गेलं. रात्रभर ओढ्यात ओरडत होतं. आम्हाला एवढंच सांगा, हे मारलं कुणी?"

डेंटिस्ट हसला. "आणि कुठल्या काडतुसानं," तो म्हणाला. "विचारायला हरकत नसेल तर."

मी उठलो. माझ्याकडे तयार गोष्ट होती, फार सुंदर होती. तिच्यात गोळी मक्याच्या कणसाला लागून वळणार होती, मागून सूर्य येणार होता. मी तोंड उघडलं आणि "आल्झो", म्हणजे "तर", एवढं म्हणालो.

"मी मारलं," सासरे म्हणाले. बसल्या बसल्या, बशीकडे बघत. "आठनं. हात हलला."

 त्या माणसानं सत्तावीस वर्षांत एक जनावर वेदनेत सोडलेलं नाही असं तिथे सगळे मानत. डेअरीवाला खाली बसला, आणि त्याचा आवाजच बदलला. "हलतो हात," तो म्हणाला. "माझा दूध काढताना हलतो." कुणीतरी म्हणालं, म्हणूनच तर जावई हवा बरोबर, म्हाताऱ्यानं आता बसून राहावं. दुसरा म्हणाला, पोराचे आजोबा बिबटे मारायचे, छत्रीनं. लोक हसले. मी उभाच होतो. पोस्टमननं माझ्याकडे पाहिलं, मग मगात पाहिलं, आणि उरलेली बिअर संपवली.

मतं पडली. सतरा आमच्या बाजूनं.

गाडीत त्यांनी सीटचा पट्टा बांधला, हात मांडीवर ठेवले. ते हात दगडासारखे स्थिर होते.

"तुम्ही असं कशाला केलंत?" मी विचारलं.

"तू बोलला असतास तर त्यांना आवडलं असतं," ते म्हणाले. "आणि मला ते ऐकावं लागलं असतं."

दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा, सहा-पाच, नऊ-तीन, सगळं गेलं. आठ तेवढी ठेवली, आणि तीही माझ्या कपाटात आणून लावली, काडतुसांच्या दोन डब्यांसह. मी तिच्यानंच कोल्हा मारला, हरणं मारली, डुकरं मारली. सगळं भागतं. तक्त्यात तिला का जागा मिळाली नव्हती, ते मी पुन्हा उघडून पाहिलं नाही.

सासरे मात्र मचाणावर परत चढले नाहीत. गावात त्यांचा नेम गेला होता. शेतकरी दारावरून जाताना मोठ्यानं आणि सावकाश बोलायचे त्यांच्याशी, बहिऱ्याशी बोलावं तसं. मी एकदा म्हणालो, चला की, एक हरीण तुमच्या हातून होऊ दे. ते म्हणाले, "आणि ते जागच्या जागी पडलं तर डेअरीवाल्याला काय सांगू?"