संध्याने टँकर मागे घेतला

आमची संध्या चाकांच्या भूमितीवर पीएच.डी. करते. चाक पुढे जातं, मागे जातं, वळतं. थेट बाजूला मात्र सरकत नाही. तरी पुढेमागे वळणं घेत त्याला हव्या त्या जागी नेता येतं. ते कसं, हे ती कागदावर शोधते. मला एवढं समजलं. गल्लीला त्यातलं चाक तेवढं समजलं. समोरच्या चतुराबाई नातवाची सायकल घेऊन आल्या, तेव्हा "मावशी, हे माझं काम न्हाई," म्हणत म्हणत हिने पंक्चर काढून दिलं. अशी ही पोरगी.

तिच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी घरातली टाकी कोरडी पडली. पाण्याचा टँकर आला, तर ट्रॅक्टर चालवणाऱ्या कारभारीच्या गळ्यात पट्टा.

"मान आखडली, वैनी. मागं बघताच येईना. गल्लीत उलटा कसा घालू? दुसरा टँकर परवाच मिळंल."

पाहुणे उद्या येणार. संध्याने ओढणी खोचली आणि वर चढली. ट्रॅक्टर तिने भोकरदनला माझ्या भावाच्या शेतात चालवला होता, पण मागे टँकर जोडलेला नव्हता.

पहिल्याच फेरीत ट्रॅक्टर आणि टँकर अडकित्त्यासारखे मिटले.

"ताई, पुस्तकात बी असंच मुडपतं का?" कारभारीने विचारलं.

"पुस्तकात चतुरामावशीची भिंत नसते, मामा."

"म्हंजे पुस्तक सोपंच है की!"

ती भिंत नुकतीच रंगवलेली. मी घरातली गादी आणून तिच्यापुढे धरली.

"आई, सरक गं!"

"न्हाई सरकणार."

"मंग भिंत जवळ आली की ओरड तरी."

मी ओरडले. तिने थांबून, उतरून पाहिलं. हातभर जागा होती. पुन्हा ओरडले, पुन्हा तेवढीच. मग तिने थांबणंच सोडलं.

"मामा, आई ओरडली की अजून हातभर जायचं," ती हसत म्हणाली.

थोडं पुढे, सरळ, वळवून थोडं मागे. असं करत टँकर बाजूला, आमच्या टाकीकडे सरकत राहिला; त्याचं मागचं टोक मात्र भिंतीकडे येत गेलं. शेवटी तो इतका जवळ आला की माझ्या तोंडून आवाजच फुटेना. गल्ली शांत झालेली ऐकून तिने करकचून ब्रेक मारला.

रंग शाबूत. मी गादी ओढली, निघेना.

"राहू दे आई," संध्या टाकीचं झाकण उघडत म्हणाली, "टँकर रिकामा होऊन पुढे गेला की निघेल."

कारभारीने पाइप टाकीत सोडला.