मागच्याचे ब्रेक

माझ्या जुन्या जीपचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले ते सांगलीतल्या एका मिस्त्रीने. नाव विचारायचं राहूनच गेलं. फौजेतून आलेला, बोलणं मोजकं. काम झाल्यावर उजव्या पायातली चप्पल काढून त्याने अनवाणी पेडल दाबत नदीकडच्या उतारावर एक चक्कर मारली. "लय बेस धरतंय," म्हणाला. मी किल्लीसाठी हात पुढे केला, तर तो न सांगताच मागचे ब्रेकचे दिवे बदलायला बसला.

मी वैतागलो. "अहो, पेटतात की जुने!"

"मिणमिणत्यात. तुमी आता जाग्यावर थांबणार. मागं दोन ट्रॉल्या ऊस घिऊन कोण आसला, तर त्याचं ब्रेक जुनंच हाईत न्हवं?"

तेव्हापासून ब्रेक दाबताना माझी नजर आधी आरशात जाते.