गेरूने टाकलेले अकरा नंबर

आधीच सांगतो, असले अनुभव मी हसण्यासाठी वाचतो. आमचं घर वरोऱ्याचं, छप्पन्नपासून बौद्ध. घरात देवच नाही तर भूत कुठून येणार, असं आमची आई म्हणायची, आणि मीही तेच म्हणत आलो. शिवाय धंद्याने ड्राफ्ट्समन. जे मोजता येत नाही त्याच्याशी आपला संबंध नाही. तरीही हे लिहितोय... कारण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर एक जुनं शिवाचं देऊळ आहे. काम अजून चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. महाशिवरात्रीला नदीच्या दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांतली माणसं तिथे येतात, नदीत आंघोळ करतात, ओल्या कपड्यांनी दर्शनाला उभी राहतात. आमच्याकडे चुना न वापरलेलं कुठलंही दगडी देऊळ लोकांच्या लेखी हेमाडपंतीच असतं. जाणकार हे त्याहून जुनं मानतात. दगडावर दगड, मध्ये काही नाही. सगळा डोलारा नुसत्या वजनावर आणि घडाईवर उभा. वरचा भाग कधीतरी वीज पडून ढासळला आणि गोंड राजांच्या काळात कोणीतरी तो पुन्हा चढवला, असं गावातले सांगतात. नंतरची डागडुजी दिसते मात्र खरी. खांब नक्षीचे, आणि त्यांना टेकू दिलेले खांब साधे.

गाभाऱ्याच्या दारावरची भिंत बाहेर झुकली होती. ती उतरवून परत रचायची होती. अशा कामात प्रत्येक दगडाला नंबर देतात – थर कितवा, दगड कितवा. नंबर ऑइल पेंटने, दगडाच्या वरच्या बाजूला. रचल्यावर तो झाकला जातो, नक्षी खराब होत नाही. नंबर टाकणं आणि रजिस्टरमध्ये चढवणं माझ्याकडे होतं. दगड उतरवणं लक्ष्मण मिस्त्रीकडे.

मिस्त्री साठीचा, कमी बोलणारा. त्याची एक सवय होती. जेवणाच्या सुट्टीत साइटवरचा आवाज थांबला की तो डबा न उघडता आधी दगडांकडे जायचा. छोट्या हातोडीने प्रत्येक दगडावर तीन ठोके, मग मान तिरपी करून ऐकायचं. तडा असला की आवाज बद्द येतो, म्हणे. 'गोंधळात दगड समजत नाई,' एवढंच स्पष्टीकरण.

मार्चअखेरीस नवव्या थराच्या दिवशी माझा पेंट संपला. तालुक्याला जाऊन आणायचा तर अर्धा दिवस मोडणार. मी म्हटलं, गेरू आहे ना, गेरूने टाकतो.

"भाऊ, गेरू पान्यात टिकत नाई जी," मिस्त्री म्हणाला. "उद्या पेंट येऊ द्या, मंग उतरवू."

"वरून ताडपत्री आहे," मी म्हणालो. त्याने दगड उतरवायला घेतले.

त्या पावसाळ्यात ताडपत्री फाटली. नवव्या थरातल्या अकराही दगडांचे नंबर धुऊन गेले, दगडांवर फक्त गुलाबी डाग उरले. त्याच पावसाळ्यात मिस्त्री त्याच्या गावी तापाने वारला. गेरूबद्दल त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू झालं. जानेवारीत आठवा थर बसला आणि माझी झोप उडाली. नववा थर साधा, नक्षी नसलेला. फोटोत अकराही दगड एकसारखे दिसत होते. प्रत्यक्षात प्रत्येकाची कड वेगळी घडवलेली. जागा चुकली की फट राहणार, वरचा थर बसणार नाही. लावून बघावं, तर दर वेळी वालुकाश्माची कड झिजते. एक दगड दोनदा लावून पाहिला, कोपराच उडाला. हजार वर्षं टिकलेला कोपरा माझ्या आळसाने गेला. खात्याचे साहेब चार दिवसांनी तपासणीला येणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मजूर नदीकडे झाडाखाली बसले होते. मी डबा न उघडता दगडांपाशी. शेजारी सोमीबाई माठ भरत होती – भामरागडकडची, साइटवर पाणी भरायची.

ठक, ठक, ठक. मग शांतता.

आवाज समोरच्या दगडातून आला होता. मी उठून दगडामागे पाहिलं. कोणी नव्हतं.

"कोन आहे तिकडे?" मी विचारलं.

"मिस्त्रीभाऊ होय," सोमीबाई म्हणाली. घरी पाहुणा आल्याचं सांगावं, तसं. चुलीजवळचा कोळसा घेऊन तिने त्या दगडावर एक रेघ ओढली. लिहिता-वाचता तिला येत नाही.

मी चिडलो, पण बोलेपर्यंत पुन्हा तीन ठोके... आता डावीकडच्या टोकाच्या दगडातून. तिने दोन रेघा ओढल्या. सुट्टी संपेपर्यंत अकराही दगडांवर रेघा होत्या. ठोके मी सगळे ऐकले. एकही बद्द नव्हता.

रेघांच्या क्रमाने दगड चढवले. सगळे बसले. सांध्यात पोस्टकार्ड जात नव्हतं.

मग मी माझ्या सवयीने कारणं शोधली. सकाळची थंडी आणि दुपारचं ऊन यांनी दगड तडतडतो, खरं आहे. पण क्रमाने? अकरा दगड किती प्रकारे लावता येतात ते कॅल्क्युलेटरवर पाहिलं – जवळपास चार कोटी. दुसरी शंका सोमीबाईची. तिने उतरवताना क्रम पाहून ठेवला असेल?

"मले काय मालूम जी?" ती म्हणाली. "तवा मी तं मोहाले गेली होती."

मी हजेरीपट पाहिला. मोहफुलं वेचायच्या दिवसांत ती गावी जाते, तशी तेव्हाही गेली होती. नववा थर उतरला त्या दिवशी तिच्या नावापुढे गैरहजेरी होती.

मला भीती वाटली नाही. लाज वाटली. ज्याचं ऐकलं नाही, त्यानेच येऊन निस्तरून दिलं होतं, असं वाटत राहिलं.

रजिस्टरमध्ये दगड कशावरून ओळखला ते लिहायला 'ओळखीचा आधार' असा रकाना असतो. तिथे काहीतरी मोघम लिहून सुटता आलं असतं. मी लिहिलं: 'गेरूने टाकलेले नंबर पुसले गेले, चूक माझी. क्रम लक्ष्मण मिस्त्री यांनी सांगितल्याप्रमाणे.' आणि खाली त्या दिवसाची, जानेवारीची तारीख.

साहेब आले, ओळ वाचली. मिस्त्रीच्या घरच्यांच्या मदतीचा अर्ज त्यांच्याच सहीने गेला होता, तारखेचा अर्थ त्यांना कळला असणारच. नोकरी जाणार, असं धरून मी उभा होतो. त्यांनी नवव्या थराच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"जेवणाच्या सुट्टीत का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी सही केली आणि रजिस्टर मिटलं. त्यांनी तसं का विचारलं, हे मी आजवर विचारलेलं नाही. ऑइल पेंटचा एक डबा मात्र गाडीच्या डिक्कीत कायम जास्तीचा असतो.