भालेरावबाईंचा सातवा शिक्का

बिबवेवाडीत भाड्याचा फ्लॅट घेऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि सोसायटीच्या फलकावर माझ्या नावाचं आरोपपत्र लागलं. 'तिसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आल्यापासून पाण्याचा पंप दोनदा जळाला आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' खाली चेअरमन कुलकर्णींची लफ्फेदार सही. मी अकोल्याचा, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेला. आमच्याकडे भांडायचं तर माणूस दारात येऊन भांडतो. फलकावरून भांडायची ही पुणेरी रीत मला नवीन होती. 'संबंधित' म्हणजे मीच, हे कळायला नोटीस दोनदा वाचावी लागली. दुसऱ्यांदा वाचताना सहीशेजारी उमटलेला जांभळा शिक्का दिसला. गोल, थेट सरकारी थाटाचा. आत दोनच शब्द: 'कावळा बसला'.

वॉचमनने पहिल्या मजल्याकडे बोट दाखवलं. दार उघडलं ते सुती साडीतल्या, जाड भिंगांच्या बाईंनी. कानामागे पेन्सिल.

"तो शिक्का..." मी चाचरत म्हणालो.

"माझाच. कावळा बसला आणि फांदी मोडली, तर कावळ्याला फाशी देतात का? तू पंपाला हात लावला होतास?"

"नाही हो."

"मग आत ये. चहा घेतोस ना? का कॉम्प्युटरवाले तेवढाही वेळ काढत नाहीत?"

अशा मला भालेरावबाई भेटल्या. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझं नाव 'कॉम्प्युटर' पडलं, ते शेवटपर्यंत.

बाई एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होत्या. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नोंद करायची, पुढे पाठवायचा. कागद वाचायची त्यांना गरज नव्हती, पण बाई वाचायच्या. "अर्ज म्हणजे काय रे? 'मला अमुक हवं' आणि 'का हवं'. पस्तीस वर्षं मी लोकांची 'का' वाचली. एक जण लिहितो, माझे आजोबा पैलवान होते, सबब माझी बदली पुण्यात व्हावी!" निवृत्त झाल्यावर त्यांच्या मैत्रिणी सहलीला गेल्या. बाई नारायण पेठेतल्या शिक्केवाल्याकडे गेल्या आणि त्यांनी सहा रबरी शिक्के करून घेतले. मजकूर वाचून तो म्हणाला, "हे कुठलं खातं?" बाई म्हणाल्या, "विचार खातं. त्यात अजून भरती झालेली नाही."

शिक्के एका पितळी डब्यात असत. तो बाईंच्या वडिलांचा, खडकीच्या कारखान्यात भाकरी न्यायचा डबा. धम्मदीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी मुलांना समोर बसवलं आणि सांगितलं, "आजपासून कुठलीही गोष्ट मोठ्यांनी सांगितली म्हणून मानायची नाही." लहानग्या कुंदाने, म्हणजे बाईंनीच, लगेच विचारलं, "मग हे तरी का मानू?" "बाबांनी बराच वेळ विचार केला," बाई सांगायच्या, "आणि मला गुळाचा खडा दिला. त्या एका खड्यावर माझं अख्खं आयुष्य निघालं बघ."

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे पोहे खायला जाई, आणि आम्ही वर्तमानपत्रातली वाचकांची पत्रं घेऊन बसत असू. 'आज मुलांना संगणक द्याल, उद्या ती आईबापांना ओळखणार नाहीत.' टप्प! 'घसरगुंडी'. 'साऱ्या जगाने हे मान्य केले आहे.' टप्प! 'सगळे म्हणतात'. समोरचा बोललाच नाही असं काहीतरी त्याच्या तोंडी घालून कोणी त्यालाच झोडपत असेल, तर 'बुजगावणं'. मी एकदा म्हणालो, "पंपाच्या गोष्टी कुलकर्णींनी सांगू नयेत. स्वतः रोज नळी लावून गाडी धुतात!" बाईंनी माझा हात ओढला आणि मनगटावर शिक्का उमटवला: 'माणूस नको, मुद्दा बोला'. ती शाई कंपनीतल्या मीटिंगमध्येही निघाली नव्हती.

सहावा शिक्का 'दोनच दारं?' असा. माझ्या वडिलांचं पत्र आलं, 'एक तर सरकारी नोकरी बघ, नाहीतर गावी परत ये.' बाईंनी त्यावर तो हळूच उमटवला आणि मी, तेव्हा अकलेने बेताचाच, तेच पत्र वडिलांना परत पाठवलं. पुढचे दोन महिने अकोल्याहून पत्र आलं नाही.

आता खरी गोष्ट. मोबाइल फोन तेव्हा नुकते खिशात मावू लागले होते, पण आमच्याकडे रेंज हवी तर कंपाउंडच्या भिंतीवर चढावं लागे. अशात एका कंपनीने आमच्या गच्चीवर टॉवर उभारायची परवानगी मागितली. सभा ठरली. ज्यांचा पंप मी जाळला होता तेच कुलकर्णी माझ्याकडे आले. "आपण त्यातले. लोकांना जरा समजावून सांगा." भाडेकरू असल्याने मला मत नव्हतं, पण जीभ होती. मी बाईंकडून पितळी डबा मागून घेतला. त्यांनी हसत दिला.

विरोधात एकच माणूस उभा राहिला: शेलार. सगळ्यात वरच्या, चौथ्या मजल्यावर राहायचे. मूळचे मुळशीकडचे, सगळा जन्म ओतकामाच्या कारखान्यात गेलेला. अंगठ्यांनी टोपी चुरगाळत म्हणाले, "टावर नगं. चिमण्या जात्यात त्यानं. पेपरात आलं हाय."

मी अजेंड्याच्या कागदावर शिक्का मारला आणि कागद नाटकातल्या न्यायाधीशासारखा सभेला दाखवला. 'सगळे म्हणतात'. हशा.

"माझ्या मेव्हण्याच्या तिथं टावर बसला, आन् महिन्याभरात त्याला मूतखडा झाला."

टप्प! 'कावळा बसला'. कुलकर्णींनीसुद्धा टाळी दिली.

"आज टावर, उद्या गच्चीव लग्नं लावाल तुमी!"

'घसरगुंडी'! लोक खुर्च्यांवर वाकून हसत होते. बाईही हसत होत्या, तोंडाला पदर लावून. मी रंगात आलो होतो, म्हणालो, "शेलारमामा, चौथं कारण काढा, माझ्याकडे अजून तीन शिक्के आहेत!"

शेलारांनी माझ्याकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं. "न्हाई, बसतो मी," म्हणाले आणि बसले.

मग कंपनीचा माणूस उठून म्हणाला, "स्लॅबला काही होत नाही." त्यावर शिक्का मारायचं मला सुचलं नाही. त्याने टाय घातला होता. ठराव मंजूर झाला.

टॉवर उभा राहिला, मी भिंतीवरून खाली उतरलो, घरबसल्या बोलू लागलो. पावसाळा गेला. एका सकाळी वर धाडकन आवाज झाला. बाईंसकट आम्ही सगळे धावत चौथ्या मजल्यावर गेलो. शेलारांच्या पलंगावर जेवणाच्या टेबलाएवढं प्लास्टर पडलं होतं, वर छतात गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. पाणी आलं म्हणून शेलारमामी मिनिटभरापूर्वी उठल्या होत्या. त्या हातात बादली घेऊन दारात उभ्या होत्या, आणि बादली खाली ठेवायचं त्यांना भान नव्हतं.

माणूस किती नालायक असतो पाहा. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "टॉवरमुळेच पडलं कशावरून? हाही कावळाच असेल!"

बाईंनी मला हाताने बाजूला सारलं. मग शेलारांना म्हणाल्या, "अहो शेलार, तुम्हाला हे आधी कळलं होतं का?"

"व्हय."

"कसं?"

शेलारांनी कोपऱ्यातली हातोडी घेतली आणि आम्हाला गच्चीवर नेलं. जिन्याजवळ हातोडी आपटली. स्लॅब ठणकन वाजली. मग टॉवरच्या पायाशी आपटली. भद्द. पुन्हा इकडे ठण्ण, पुन्हा तिकडे भद्द. गाण्यातल्या माझ्यासारख्या औरंगजेबालाही फरक कळला. "कारखान्यात हेच काम व्हतं माझं. वतीव माल वाजवून बघायचा. आत तडा असला की बोलतो त्यो. ही बाजू टावरच्या आधीपास्नं बदबद वाजत व्हती. वर वजन ठेवलं तर मरनार, म्हाईत व्हतं."

"मग सभेत हे का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलो.

"काय सांगू? इवढी शिकलेली मान्सं. मला स्लॅब बोलती म्हनलो असतो, तर तुमी येड्यात काढलं असतं. चिमण्यांचं पेपरात आलं व्हतं. म्हनलं, छापलेलं तरी ऐकतील."

मग बाई म्हणाल्या, "शेलार, माझं चुकलं. मी हसले." आणि गच्चीवर सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. शेलार इतके गोंधळले की हातात हातोडी तशीच धरून त्यांनीही उलट नमस्कार केला.

नंतर बाहेरचा तपासनीस आणून स्लॅब तपासून घेतली. शेलारांच्या हातोडीने सांगितलं तेच त्याच्या यंत्राने सांगितलं. टॉवर उतरला, छत दुरुस्त झालं, मी पुन्हा भिंतीवर चढलो.

त्या रविवारी पोहे होते, पण शिक्के निघाले नाहीत. बाई म्हणाल्या, "त्यांची तिन्ही कारणं वाईट होती, आपले तिन्ही शिक्के बरोबर होते, आणि तरी खरं तेच बोलत होते. कारण मोडलं की माणसाचं म्हणणंही मोडलं, असं आपण धरून चाललो. हा आपला कावळा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो पैलवानाचा नातू आठवतो? ते अर्ज मी मैत्रिणींना वाचून दाखवायची. त्याला बदली खरंच कशासाठी हवी होती, कोण जाणे. घरी कोणी आजारी असेल. लिहिता येत नसेल. समोरच्या खुर्चीवर बसवून एकदाही विचारलं नाही मी त्याला."

पुढच्याच आठवड्यात त्या नारायण पेठेत गेल्या आणि सातवा शिक्का आला. कचेरीतलाच शब्दप्रयोग, सरळ: 'समक्ष विचारावे'.

"हा कधी मारायचा?" मी विचारलं.

"आधीच्या सहापैकी कुठलाही मारशील तेव्हा, त्याच्या शेजारी."

ही शिकवण मी कंपनीत खूप वापरली. परदेशातलं गिऱ्हाईक कळवायचं, 'तुमचा प्रोग्रॅम फक्त बुधवारी बंद पडतो, बहुधा त्याला बुधवार आवडत नाही.' बाकीचे हसून तक्रार बंद करायचे. मी फोन लावायचो. बुधवारचा काही संबंध नसायचा, पण दुखणं दर वेळी खरं असायचं. साहेबांना वाटे मी हुशार आहे. मी नुसता हातोडी ऐकायला गेलेला असायचो.

पुढे गुडघे थकले तेव्हा बाई वारज्याला लेकीकडे राहायला गेल्या. त्यांचं सामान मीच बांधलं. पितळी डबा वर्तमानपत्रात गुंडाळून मीच टेम्पोत ठेवला होता. वर्षाभराने एका दुपारी फोन आला. आवाज बारीक झालेला.

"कॉम्प्युटर, माझा पितळी डबा तुझ्याकडे राहिलाय. इथे प्रत्येकाकडे डबा आहे, माझ्याचकडे नाही. डबा नसला की माणसाला भूक लागत नाही, असं सगळे म्हणतात. तेव्हा आजच घेऊन ये, नाहीतर कधीच आणू नकोस."

मोजून पाहा. एक खोटी माहिती, एक 'कावळा बसला', एक 'सगळे म्हणतात', वर 'दोनच दारं?'. ज्या बाईने मला मनगटापासून शिकवलं, तिचा हा युक्तिवाद! माझ्या जिभेवर तीन शिक्के आले होते. ते गिळले, घरातला एक स्टीलचा डबा पिशवीत टाकला आणि वारज्याची बस पकडली.

बाई पलंगावर होत्या. चादरीखाली माणूस आहे की नाही, शंका यावी इतक्या वाळलेल्या. त्या महिन्यातच त्या गेल्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना असावं. मी डबा पुढे केला.

"हा पितळेचा नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"माझाही नाही."

"नाही."

"मग आणलास कशाला?"

"समक्ष विचारायला."

बाई हसल्या. पदर लावायला हात वर जाईना, म्हणून उघड्या तोंडाने, लहान मुलीसारख्या. मग उशीजवळ चाचपडून त्यांनी तो काढला: पितळी, पोचे आलेला, आत सात शिक्के खुळखुळत असलेला डबा. माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या,

"घे. आता राहिला तुझ्याकडे. आता तरी माझं कारण खरं झालं ना?"